कुत्रं हाकललं, पिसवा राहिल्या

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर ते माझ्या दोन्ही पायांवर आहे, घोट्यापासून पोटरीपर्यंत, लाल ठिपक्यांच्या स्वरूपात. मोजलेत. डाव्या पायावर ३१, उजव्यावर २६. सॉफ्टवेअरवाला माणूस, दुसरं काही सुचलं नाही की मोजत बसतो.

झालं असं. कोयनानगरच्या अलीकडे, हेळवाकच्या बाजूला आमच्या आजोबांचं घर आहे. जुनं कौलारू. पुढे शेणानं सारवलेली ओसरी, आत शहाबादी फरशी, मागे पडवी. आम्ही चार चुलत भावंडं, दोघं पुण्यात, एक ठाण्यात, एक परदेशात, आणि घराचे मालक चौघंही. म्हणजे घराचा मालक खरं तर आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मे महिन्यात घर उघडायचं, मग पावसाळाभर बंद, मग दिवाळीनंतर उघडायचं, असा आमचा शिरस्ता. कोयनेचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो की तिथे चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. उशीपासून मिठापर्यंत सगळं ओलं होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी बायको आणि मुलीला घेऊन गेलो. कुलूप काढलं, बॅगा माजघरात टाकल्या, चहाचं आधण ठेवलं. पाच मिनिटांत मुलगी म्हणाली, "बाबा, पायाला काहीतरी टोचतंय." बघतो तर तिच्या पांढऱ्या मोज्यांवर मोहरीपेक्षा बारीक, तपकिरी ठिपके. एकावर बोट ठेवायला गेलो तर ठिपका गायब!

पिसवा.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात ४१ मेसेज. त्यात एकानंही विचारलं नाही की कुठल्या खोलीत आहेत, किती आहेत, पडवीत आहेत का. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कुणामुळे? आणि उत्तर तयारच होतं. शेजारच्या मावशींचं कुत्रं.

मावशी म्हणजे आमच्या घराची किल्ली सांभाळणाऱ्या. आम्ही नसताना दिवा लावतात, कौलं फुटली तर फोन करतात. त्यांचा मोती पावसाळ्यात आमच्या ओसरीवर झोपतो, कारण त्यांच्याकडे ओसरी गळते. मी अजून मोजेसुद्धा काढले नव्हते, तेवढ्यात ग्रुपनं तीन ठराव पास केले. एक, कुत्र्याला लांब नेऊन सोडायचं. दोन, मावशींना सांगायचं की ओसरी वापरायची नाही. तीन, काहीतरी "स्ट्राँग" औषध मारायचं.

आता इथे मला मोठ्या तोंडानं सांगता आलं असतं की मी विरोध केला. नाही केला. एका भावानं शेतीच्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली, पाठीवरचा पंप आणला आणि सगळं घर फवारलं. मोतीला टेम्पोत घालून पाटणच्या पुढे सोडून आला. मी गाडीत बॅगा भरत होतो. मावशी दारात उभ्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमी चार दिस येता. आमी हितं कायमचं. आमाला चावत न्हाईत व्हय पिसवा?"

मी काही बोललो नाही. तेव्हा ह्या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधी लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी मावशींचा फोन आला. पिसवा कमी झाल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. आता त्यांच्याही घरात आल्या होत्या, नातवाच्या पायाला जागा उरली नव्हती. आणि आमच्या घरातली फवारलेली फरशी पुसल्यावर मावशींना दिवसभर चक्कर आणि उलट्या. डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलंच नाही. "तुमाला कळवावं म्हनलं," एवढंच.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाचायला बसलो.

पिसू नेमकी राहते कुठे?

आपल्याला वाटतं, पिसवा कुत्र्यावर राहतात. हे अर्धंच खरं. मोठी झालेली पिसू जनावराच्या अंगावर राहते, रक्त पिते, दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. पण अंडी गुळगुळीत असतात, ती केसांत टिकत नाहीत. कुत्रं जिथे झोपतं, अंग झटकतं, तिथे ती खाली गळतात. फटीत, पोत्यात, गोधडीत, सारवण उकललेल्या भेगेत. अंड्यातून अळी निघते. ती अंधारात, ओलाव्यात राहते आणि मोठ्या पिसवांची वाळलेली रक्ताळ विष्ठा खाऊन वाढते. मग ती कोष करते. कोष चिकट असतो, त्याला धूळ-माती लागते आणि तो दिसेनासा होतो.

ढोबळ हिशेब असा सांगतात की घरात शंभर पिसवा असतील तर मोठ्या झालेल्या, चावणाऱ्या, साधारण पाचच. बाकी ९५ अंडी, अळ्या आणि कोष ह्या रूपात जमिनीत. म्हणजे कुत्र्यावर दिसतं ते नुसतं आउटपुट. कोड आहे फरशीत.

आणि खरी गंमत कोषातली आहे. आत पिसू तयार असते, पण ती बाहेर येत नाही. वाट बघते. आठवडे, कधी कधी महिने. कुणाची तरी चाहूल लागली, म्हणजे जमिनीला कंप बसला, ऊब आली, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की काही सेकंदांत बाहेर. म्हणून बंद घर उघडल्याबरोबर पिसवांची धाड पडते. त्या आमच्यासाठी पावसाळाभर थांबल्या होत्या. आम्ही दार उघडलं, बॅगा धपकन टाकल्या आणि जेवणाची घंटा वाजवली :-)

आता ग्रुपचे तीन ठराव पुन्हा वाचा.

औषध मारलं. ते लागलं वरच्या पाच टक्क्यांना. कोषाच्या आत बहुतेक फवाऱ्यांचा फारसा शिरकाव होत नाही. फवाऱ्यानंतर दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघतच राहतात, आणि लोक म्हणतात "औषध डुप्लिकेट होतं", म्हणून दुप्पट मारतात.

कुत्रं हाकललं. आता कोषातून रोज नव्या, उपाशी पिसवा बाहेर पडतायत. त्यांचं ठरलेलं जेवण तर आपण पाटणच्या पुढे सोडून आलो. मग उरलं कोण? मावशी, त्यांचा नातू आणि वीकेंडला येणारे आम्ही. मांजराची पिसू म्हणून जी ओळखली जाते तीच जात आपल्याकडे कुत्र्यांवरही सर्रास असते. माणूस तिच्या पहिल्या पसंतीचा नाही. पण भूक लागल्यावर पसंती कोण विचारतो? यजमानाला घालवलं की पाहुणे शेजारी जेवायला जातात.

ओसरी बंद केली. ह्याचा पिसवांशी काहीच संबंध नाही. हा ठराव मावशींना त्यांची जागा दाखवण्यासाठी होता. सभ्य भाषेत.

हे आपण आधीही केलंय

इथे कुणी म्हणेल, एवढ्याशा पिसवेवरून काय एवढं? म्हणून जरा मागे जाऊ या. पिसवेच्या बाबतीत चुकीच्या जागी बडगा मारण्याचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे आणि फार महागात पडलेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला, पुण्यात रँडची प्लेग कमिटी बसली. पुढचं आपण शाळेत शिकलोय: गोरे सोजीर घरात घुसले, सामान बाहेर काढून जाळलं, बायाबापड्यांची तपासणी, माणसं उचलून छावणीत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली.

शाळेत एक गोष्ट मात्र शिकवली नाही. ह्या सगळ्या धामधुमीत कमिटी शोधत काय होती? घाण. घाणेरडी वस्ती, घाणेरडी माणसं, त्यांच्या चिंध्या, त्यांच्या अंधाऱ्या खोल्या. गटारात जंतुनाशक ओतलं, भिंतींना चुना फासला, जमिनी उकरल्या. पिसू कुणाच्याही यादीत नव्हती. प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

दोष पुढचा आहे. जून १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगनं आजारी, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच भांड्यात, पण त्याला स्पर्श होणार नाही अशा पिंजऱ्यात निरोगी उंदीर. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. मधे उड्या मारणारं काय होतं, ते उघड होतं. पण सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं हे मानलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी आणि १९०५ पासून परळला काम करणाऱ्या संशोधकांनी ते निर्विवाद सिद्ध केलं. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडला. पिसवा असलेल्या खोलीत काही गिनीपिगांचे पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही दोन फूट उंच टांगले. जमिनीजवळचे मेले, उंचावरचे वाचले. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नव्हती! खर्च काय, तर पिंजरा आणि दोरी.

एका गोष्टीसाठी मात्र आपल्या खेड्यातल्या लोकांना मानलं पाहिजे. त्यांना पिसवेचं माहीत नव्हतं, पण "उंदीर पडले" की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या हे त्यांनी स्वतः बघून ठरवलं होतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेलं प्रेत सोडतात आणि जवळ जे ऊबदार असेल त्यावर उडी मारतात. ते ऊबदार म्हणजे माणूस. यजमान गेला, पाहुणे शेजारी. आमच्या घरात जे झालं तेच, फक्त तिथे पिसवेच्या पोटात प्लेगचे जंतू होते. त्या साथीनं पुढच्या पंचवीसेक वर्षांत देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

आणि ह्याच १८९७ च्या मार्चमध्ये, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावची एक बाई हडपसरजवळ, मुलानं उघडलेल्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होती. मुंढव्याच्या एका आजारी पोराला तिनं पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच तिला प्लेग झाला, १० मार्चला ती गेली. सावित्रीबाई फुले. शास्त्र तिलाही माहीत नव्हतं. पण "कुणामुळे" हा प्रश्न तिनं विचारला नाही, एवढं नक्की.

आणि अगदी अलीकडे

"ते ब्रिटिशांच्या काळात हो" असं वाटत असेल तर १९९४ आठवा. बीड जिल्ह्यातलं मामला नावाचं गाव. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. घाबरलेली माणसं घराबाहेर राहायला लागली, धान्य घरातच राहिलं, आणि त्यावर उंदीर माजले, अशी त्या साथीची उकल सांगितली जाते. आम्हा कोयनेच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनंतर आमची आजी कित्येक महिने घरात झोपली नव्हती. मामल्यात ताप आणि गाठी येण्याआधी उंदीर मरत होते आणि पिसवा फार झाल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे एरर लॉगमध्ये सगळं आधीच होतं! पुढे सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, लाखो माणसं शहर सोडून पळाली. मग सुरतेनं काय केलं? १९९५ पासून तिथल्या महापालिकेनं रोजच्या रोज कचरा उचलायला सुरुवात केली. कुणाला हाकलून नाही, रोज झाडून ते शहर सुधारलं.

घाबरवण्याचा हेतू नाही. तुमच्या फार्महाऊसमधली पिसू बहुधा कुत्र्या-मांजराची असते, प्लेगची मुख्य वाहक असलेली उंदराची पिसू वेगळी. पण चुकण्याची पद्धत तीच आहे. आधी माणूस शोधायचा, मग उपाय.

ऑफिसात आपण असं करत नाही. सर्व्हर पडला तर पोस्टमॉर्टेममध्ये पहिला नियम असतो: नाव घ्यायचं नाही. कुठे, केव्हा, कशानं, ते विचारायचं. कारण नाव घेतलं की लोक लॉग लपवतात. मावशींनी पिसवा झाल्याचं ऑगस्टमध्येच पाहिलं होतं. सांगितलं का नाही, हे मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "तुमी म्हनला असता, आमच्या मोतीमुळं." बरोबर ओळखलं होतं त्यांनी आम्हाला.

मग करायचं काय?

पोस्ट लांबलीय, पण हा भाग वाचल्याशिवाय जाऊ नका. मी जे केलं आणि ज्यानं फरक पडला ते क्रमानं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी खात्री करा. पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून घरभर फिरा. खोलीनुसार ठिपके मोजा. चावे घोट्याजवळ, दोन-तीनच्या पुंजक्यात असतील तर पिसवा. अंगभर, रात्री अंथरुणात असतील तर ढेकणांचा विचार करा, त्याचा उपाय वेगळा.

२. जनावरावर उपचार करा, त्याला घालवू नका. पशुवैद्याकडून वजनानुसार औषध घ्या आणि घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी, किमान तीन महिने द्या. औषध दिलेलं कुत्रं घरात फिरलं की कोषातून निघालेल्या पिसवा त्याच्यावर उड्या मारतात आणि मरतात. लिस्टन यांनी गिनीपिग घरात सोडले ते हेच, पिसवा गोळा करायला. म्हणजे ज्याला आपण आरोपी म्हणून हाकललं, तोच आपला सगळ्यात चांगला सापळा. एक धोका लक्षात ठेवा: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, मांजर मरू शकतं.

३. जमीन साफ करा आणि करत राहा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर एक दिवसाआड, फटी, कोपरे, पलंगाखाली. त्याच्या कंपानं कोष उघडतात, आणि ते आपल्याला हवंच आहे. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. नसेल तर झाडू आणि गरम साबणाचं पाणी. हे तीन-चार आठवडे. एका रविवारी करून भागत नाही.

४. अंथरुण-पांघरुण गरम पाण्यात धुवा, गोधड्या-पोती कडक उन्हात. अळीला ओलावा लागतो, कोरड्या उन्हात ती टिकत नाही. आजी दसऱ्याच्या आधी सगळ्या गोधड्या वाळत घालायची आणि ओसरी नव्यानं सारवायची. तिला पिसवेचं जीवनचक्र माहीत होतं असला दावा मी करणार नाही, तसले फॉरवर्ड तुम्हाला रोज येतात. पण भेगा बुजत होत्या, ओल जात होती, आणि वर्षानुवर्षं न चुकता होत होतं. आम्ही आजीचं घर ठेवलं आणि तिची कामं सोडून दिली.

५. रात्री खाली दिवा आणि त्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवा. उजेडाकडे, उबेकडे पिसवा उडी मारतात आणि बुडतात. ह्यानं घर साफ होत नाही, पण रोज किती सापडल्या ते मोजता येतं. माझा आवडता भाग :-)

६. फवारणी लागलीच तर घरगुती वापरासाठी मंजूर असलेलं औषध, परवानाधारक माणसाकडून, आणि त्यात अंडी-अळ्यांची वाढ रोखणारा घटक आहे का ते विचारून. शेतीचं औषध घरात कधीही नाही. त्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तेही उघड्या शेतात. आम्ही तसलं औषध बंद घरात मारलं आणि पुसायला मावशींना लावलं.

७. घरात उंदीर असतील तर आधी पिसवा, मग उंदीर. उलटं केलंत तर उंदरांवरच्या पिसवा तुमच्याकडे येतील. आणि बरेच उंदीर आपोआप मरून पडत असतील तर हात न लावता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

८. चावे खाजवू नका, बर्फ लावा, फार खाज असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी. ताप आला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर थांबू नका, आणि डॉक्टरांना "पिसवा चावल्यात" हे स्वतःहून सांगा. लहान मुलांच्या तोंडात पिसू गेली तर कुत्र्याचा एक पट्टकृमी त्यांना होऊ शकतो, म्हणून हात धुणं आलंच.

एवढं सगळं करायला मला तीन वीकेंड आणि मावशींना रोजचा अर्धा तास लागला. त्याचे पैसे मी त्यांना दिले. त्या घेत नव्हत्या. मी म्हटलं, ऑफिसात सपोर्टचं काम फुकट कुणी करत नाही.

एका मित्रानं हे वाचून विचारलं, "पण स्वच्छतेचा काहीच संबंध नाही का? तू तर लोकांना आळशी व्हायचा परवाना देतोयस." संबंध आहेच की! वरच्या यादीत अर्धी कामं साफसफाईचीच आहेत. पण स्वच्छता हे काम आहे, आणि घाणेरडं ही शिवी आहे. काम कुणीतरी रोज उठून करायचं असतं. शिवी एकदाच द्यायची, लांबून, फोनवर टाइप करून. आपल्याला दुसरं सोपं जातं. सहा महिने घर बंद ठेवून ओल आणि अंधार आम्हीच पुरवला. पडवीत जुनी पोती आम्हीच ठेवली. मोतीनं फक्त पावसात आडोसा घेतला.

पहिल्या वीकेंडला मी मोतीला शोधायला गेलो. पाटणच्या पुढे रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीपाशी सापडला. बरगड्या दिसत होत्या. मला बघून शेपूट हलवली. तो भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं.

काल, शनिवारी, परातीत दोन पिसवा सापडल्या. पहिल्या दिवशी ६४ होत्या. मी तक्ता करून ग्रुपवर टाकला. शेतीचं औषध आणणाऱ्या भावाचा रिप्लाय आला: "छान. पण मुळात कुत्र्यामुळेच झालं ना?"

मोती ओसरीवर झोपलाय. ओसरी मावशींनी परवाच सारवली. ह्या घराचा चौथा हिस्सा माझा आहे, आणि ओसरी मी माझ्या हिश्श्यात धरली आहे.